सरांना दिलेली परवानगी

आमच्या कलमाला पहिले आंबे लागले तेव्हा बाबांनी त्यातले परडीभर सरांच्या घरी नेऊन दिले. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे आधी सरांकडे गेले, मग देवळात. बहिणीच्या लग्नाची पत्रिकाही तशीच. यावर घरात कधी चर्चा झाली नाही. सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मी कॉलेजात गेलो तो त्यांच्यामुळे. प्रवेशाच्या अर्जावर सही कुठे करायची हेसुद्धा त्यांनी बाबांना बोट ठेवून दाखवलं होतं. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांच्या पडवीतल्या कॉम्प्युटरवर मी टायपिंग शिकलो. सर शेजारी आरामखुर्चीत पेपर वाचत बसायचे, आणि माझं बोट चुकलं की वर न बघताच "हूं" म्हणायचे. कसं कळायचं कोण जाणे.

हे आधी सांगतो आहे, कारण पुढे माझ्या हातून जे झालं त्याला मी बरेच दिवस कृतज्ञता असं नाव दिलं होतं.

बीएस्सी झाल्यावर मला एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम मिळालं. वीस खाटांचा दवाखाना, हमरस्त्यापासून थोडा आत. निवृत्तीनंतर सर त्या ट्रस्टचे अध्यक्ष झाले होते. तोपर्यंत सगळे केसपेपर कागदीच होते आणि जुने गठ्ठे माळ्यावर पडलेले. ते सगळे कॉम्प्युटरमध्ये भरायला मला दीड वर्ष लागलं. त्यात खरी मदत झाली ती वॉर्डातल्या मावशींची. त्या पंचवीस वर्षं तिथे होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण कोणत्या गठ्ठ्यात काय आहे ते त्यांना पाठ. मी शिडीवर चढलो की त्या खालून सांगायच्या, "ती नाय रे झिला, तेच्या खालची गठली. उंदरान कोपरो खाल्लेलो आसा बघ, ती."

डेटाबेस तयार झाला आणि मग प्रश्न आला, कोणाला काय दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दोनच रोल तयार होते. एक सगळं करू शकणारा, दुसरा सगळं नुसतं बघू शकणारा. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हे आपल्याला चालायचं नाही. आपण आपले रोल बनवू. कोण काय काम करतं ते आधी लिहून काढ."

ओपीडी संपल्यावर आम्ही दोघं बसलो आणि पाठकोऱ्या कागदावर यादी केली. नोंदणीच्या खिडकीला नाव, वय, गाव, फोन; त्यापुढचं काही नाही. सिस्टरना त्या दिवशी भरती असलेल्यांचेच पेपर. औषधाच्या खिडकीला फक्त चिठ्ठी, आजार नाही. विश्वस्तांना आकडे. महिन्यात बाळंतपणं किती, तापाचे किती, साप चावून आलेले किती. नाव एकही नाही.

"एक लक्षात ठेव," मॅडम म्हणाल्या. "हा माणूस मोठा की लहान, हे इथे बघायचं नाही. त्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं."

मला ते पूर्ण पटलं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

चार दिवस मी रोल बनवत होतो. प्रत्येक प्रकारच्या नोंदीपुढे चार चौकोन: बघणे, लिहिणे, बदलणे, पुसणे. ज्याला जे द्यायचं त्या चौकोनात खूण करायची. कोणी कधी कुठला पेपर उघडला याची नोंदही आपोआप राहील अशी सोय केली. मग प्रत्येक रोलचं लॉगिन वापरून मीच तपासलं. एक खोटा पेशंट बनवला आणि औषधाच्या खिडकीच्या लॉगिनने त्याचा केसपेपर उघडून पाहिला. लाल अक्षरात आलं, 'आपल्याला ही परवानगी नाही.' मला इतका आनंद झाला की मी मावशींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरां झाला. त्या औषधवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाय."

शेवटी विश्वस्तांचा रोल तपासायला घेतला. सरांचं लॉगिन बनवलं, आत शिरलो, केसपेपरवर क्लिक केलं आणि तेच लाल वाक्य समोर आलं. आपल्याला ही परवानगी नाही. वर कोपऱ्यात सरांचं नाव होतं.

मी ते वाक्य बघत राहिलो. माझ्या हातचं पहिलं मोठं काम, आणि त्यातून मी सरांना असं सांगणार? त्यांनी मागितलं काहीच नव्हतं. अशी काही सोय होते आहे हेही त्यांना नीट माहीत नव्हतं. पण मी आणखी एक रोल बनवला, 'अध्यक्ष' नावाचा, एकाच माणसासाठी. त्यात लिहिणे, बदलणे, पुसणे बंद ठेवलं आणि बघणे सगळीकडे चालू केलं. नुसतं बघण्याने काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं. मॅडमना सांगितलं नाही. पाठकोऱ्या यादीत हा रोल नव्हता, आणि त्यांनी यादी पुन्हा मागितली नाही.

रविवारी बाबांना घेऊन सरांच्या घरी गेलो. लॉगिन आणि पासवर्ड लिहिलेला कागद पाकिटात घातला होता. बाबांनी सोबत नारळ घेतला होता.

"अरे, ह्या काय? नारळ कित्याक?" सर म्हणाले.

"झिलाच्या हातचा पयला काम, सर," बाबा म्हणाले. "तुमच्याकडेच पयला येवक होया."

सरांनी चष्मा लावला, त्या जुन्याच टेबलावरच्या नव्या कॉम्प्युटरवर मी त्यांना सगळं उघडून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मला यात सगळं दिसतं?"

"सगळं, सर. तुम्हांला काही बंद नाही."

हे वाक्य मी ज्या अभिमानाने म्हटलं तो अभिमान मला आज आठवला तरी मान खाली जाते. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. येताना बाबा वाटभर खुशीत होते.

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यापासून सर घरात एकटेच होते. सकाळी पेपर वाचतात तसं ते रोज दवाखान्याचं पान उघडून वाचू लागले. मला अधूनमधून फोन करायचे. "अरे, त्या घाटीवरच्या म्हाताऱ्याची साखर किती वाढलीय! काल मी मुद्दाम त्याच्याकडे जाऊन आलो. म्हटलं, चहात साखर बंद." किंवा, "ती अमकी मुलगी तपासणीला आलीच नाही या महिन्यात. तिच्या सासूला निरोप पाठवलाय मी." मी म्हणायचो, "बरं केलंत, सर." मला बरंच वाटायचं. वाटायचं, बघा, सरांना दिलं तर त्याचा असा चांगला उपयोग होतो. त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, किंवा त्या सुनेला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

असं आठ-नऊ महिने चाललं.

आई काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. तिच्या समोरच्या पाटावर एक काकी बसतात, दोघी बारा वर्षं समोरासमोर. त्या काकींच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा देवबागचा, घरचा होमस्टे, माणसं चांगली. पसंती झाली होती, साखरपुड्याचा दिवस बघायचं चाललं होतं. आणि एके दिवशी तिकडून निरोप आला की आत्ता नको, पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मग मध्यस्थाकडून हळूच कळलं की मुलीला लहानपणी फीट येत होत्या असं त्यांच्या कानावर आलं आहे.

ते खरं होतं. सातवी-आठवीत असताना येत होत्या. तेव्हा ती आमच्याच दवाखान्यात भरती असायची आणि मावशी तिच्याजवळ बसायच्या; औषध चार वर्षं घेतलं, नंतर कधीच काही नाही. काकींनी ते घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी काकी भर ओपीडीत दवाखान्यात आल्या. बाकांवर तीस-चाळीस माणसं बसलेली. त्या सरळ वॉर्डाच्या दाराशी गेल्या आणि मावशींसमोर उभ्या राहिल्या.

"तेव्हा माज्या चेडवाचो हात धरून बसलंस ता ह्याच्यासाठी गो?"

मावशींच्या हातात चादरी होत्या. "काय जाला बाय? हळू बोल. कसला सांगतंस?"

"हळू बोलू? तू हळू बोललंस काय? तुज्याशिवाय कोणाक म्हायत होता? सांग मां, कोणाक म्हायत होता?"

"देवाशप्पत, मी कोणाक सांगूक नाय."

"देवाक मधी घालू नको!"

बाकांवरची सगळी माणसं ऐकत होती. मुलीच्या आजाराची बातमी जिथे जिथे पोचायची राहिली होती तिथेही आता ती पोचणार होती, हे काकींनाही बोलता बोलता कळलं असावं. त्या पदर तोंडाला लावून तशाच निघून गेल्या.

मॅडमनी मावशींना आत बोलावलं. चौकशी होईपर्यंत घरी थांबा, असं सांगितलं. मग मला म्हणाल्या, "आपल्याकडे नोंद राहते ना? तो केसपेपर कोणी उघडला होता का, बघ."

मी बघितलं. दोन मिनिटं लागली. मी तो पेपर टाइप केला तो दिवस, आणि त्यानंतर एकच नोंद. देवबागहून निरोप येण्याच्या पाच दिवस आधी, सकाळी पावणेआठ वाजता. लॉगिन सरांचं.

देवबागच्या मुलाचा मामा चौकशीसाठी सरांकडे गेला असणार, हे मला तिथेच कळलं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीच्या गावात ज्याच्या शब्दाला मान आहे त्या माणसाला विचारतात, आणि आमच्या गावात ते सर.

यापुढे मी जे केलं ते क्रमाने लिहितो.

आधी मी तो केसपेपर उघडला आणि वाचला. त्याची काही गरज नव्हती. कोणी उघडला एवढंच मला बघायचं होतं, आणि ते कळलं होतं. तरीही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मीच कधीतरी तो टाइप केला होता, पण हजारातला एक म्हणून. आता मी तो आमच्या वाडीतल्या, मला 'दादा' म्हणणाऱ्या मुलीचा म्हणून वाचला. मग सरांच्या रोलमधली केसपेपर बघण्याची परवानगी काढून टाकली. मग मॅडमना सांगितलं, "बघतोय, थोडा वेळ लागेल." दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला, "अरे, माझं काही उघडत नाही आज." मी म्हटलं, "सर, दुरुस्ती चालू आहे."

असे अकरा दिवस गेले. मॅडम विचारायच्या आणि मी वेळ लागेल म्हणायचो. मावशींच्या जागी एक नवीन बाई आली होती, तिला काहीच सापडत नव्हतं. घरी आई सांगायची की काकी आता पाटावर बसून कोणाशी बोलत नाहीत, आणि मावशींच्या सुनेला नळावर बायका टोमणे मारतात. "तुज्या सासूक सांग गो, आमच्या घरातलां पण वायच सांगूक." मी ताटातलं संपवायचो आणि उठायचो.

मला भीती कसली होती? नोकरी जाईल ही होतीच. पण त्याहून, सरांना खाली बघावं लागेल, आणि ते माझ्यामुळे, ही होती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक. मावशींनी गप्प बसून सोसलं तर सगळं तसंच मिटेल, असं मला कुठेतरी वाटत होतं.

बाराव्या दिवशी सर स्वतः दवाखान्यात आले. मॅडमच्या खोलीत बसले आणि मलाही बोलावलं.

"मी त्या मावशींबद्दल बोलायला आलोय," ते मॅडमना म्हणाले. "त्यांना काढू नका. अडाणी बाई आहे, बोलून गेली असेल. समज द्या आणि परत घ्या. माणसाच्या हातून चूक होते."

ते मनापासून बोलत होते. आपण काही केलं आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. मावशींनी न केलेली चूक ते मोठ्या मनाने माफ करत होते, आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. मला ते सहन झालं नाही. नोंदीचा कागद मी पहिल्याच दिवशी छापून खिशात ठेवला होता. तो घामाने मऊ झाला होता. तो मी टेबलावर ठेवला.

सरांनी चष्मा लावून तो वाचला. पुन्हा वाचला.

"हे माझं नाव आहे."

"हो, सर."

"मुलाचा मामा आला होता," ते हळूहळू म्हणाले. "मुलगी कशी आहे विचारायला. मी म्हटलं, उगाच काही सांगण्यापेक्षा बघून सांगावं. मी फक्त एवढंच म्हणालो की जरा थांबून बघा, लहानपणी थोडी औषधं होती. चांगली मुलगी आहे, असंही म्हणालो." ते थांबले. "म्हणजे माझ्याकडून गेलं."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "विश्वस्तांना फक्त आकडे द्यायचे ठरले होते."

"मी वेगळा रोल बनवला, मॅडम. सरांसाठी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

सर माझ्याकडे वळले. वर्गात एखाद्या मुलाने सोपं गणित चुकवलं की ते जसे विचारायचे, तसंच त्यांनी विचारलं, "का रे? मला कशाला दिलंस?"

"तुमचा मान म्हणून, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, दिसतंय म्हणजे ते बघायचा मला अधिकार असेल. तू शिकलेला आहेस, तू नीटच दिलं असशील, असं मी धरून चाललो."

मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिथेच अध्यक्षपद सोडल्याचा कागद लिहून मॅडमकडे दिला. मॅडमनी तो ठेवून घेतला, पुढे काय करायचं ते समितीच्या बैठकीत बघू म्हणाल्या. माझ्याबद्दलही तेच म्हणाल्या, आणि म्हणाल्या, "आधी मावशींकडे जा."

मावशी अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"कधीपासून म्हायत होता तुका?" त्यांनी विचारलं.

"पयल्या दिसापासून."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बारा दिवस?"

"होय."

"मेल्या, माजी सून नळार जावक तयार नाय." आवाज चढला नव्हता. "आणि आता माका सांगूक इलंस. माका सांगान काय उपयोग? मी केलंय काय नाय ता माका म्हायतच होता मां? तिका जावन सांग. सगळ्यांच्या म्होरं सांग. तिणा माका सगळ्यांच्या म्होरंच म्हटल्यान."

मी पाणी न पिताच निघालो.

साडेपाचला कारखाना सुटतो. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बायका हात धुऊन, डबे घेऊन बाहेर येत होत्या. काजूच्या तेलाने सगळ्यांचीच बोटं काळी झालेली. आईने मला बघितलं आणि घाबरून पुढे आली.

"काय जाला रे? बापूस बरो मां?"

"बाबा बरे आसत. माका काकीशी बोलूचा आसा."

काकी मागून येत होत्या. मी त्यांना थांबवलं तशा पंधरा-वीस जणी आपोआप थांबल्या. मी सांगितलं. मावशींनी काही सांगितलेलं नाही, मुलीचा कागद सरांना मी दिसू दिला, तिथून ते गेलं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो आणि हे एवढंच, तुटक तुटक.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. "मगे मावशीन सांगूक नाय?"

"नाय, काकी."

"आणि मी तिका थंय, सगळ्यांच्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, "तू वाचलंस?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. सरांनी विचारला नव्हता, मॅडमनी विचारला नव्हता.

"वाचलंय."

"सगळा?"

"सगळा."

आई शेजारी उभी होती. तिने माझी बाजू घेतली नाही. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माज्या चेडवाचा अजून कोणाकोणाक दिसता?" काकींनी विचारलं.

"आता मॅडमांका दिसता. आणि माका."

"तुका कित्याक?"

मी सांगायला लागलो. यंत्रणा मी सांभाळतो, काही बिघडलं तर उघडून बघावं लागतं, सगळीकडे तसंच असतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तसं काही लागत नाही. दुरुस्तीसाठी मला कोणाचा आजार वाचायची गरज नाही. मॅडमबरोबर यादी केली तेव्हा आम्ही प्रत्येकाचं काम लिहिलं होतं, पण त्यात माझं नाव घालायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मी बोलणं थांबवलं.

"माका नको," मी म्हटलं. "उद्या काढतंय."

"उद्या नको," काकी म्हणाल्या. "आज काढ."

दवाखाना चार किलोमीटरवर होता. मॅडम सातपर्यंत असतात. माझी परवानगी मी स्वतः काढली असती तर ती मी स्वतःच परतही घेऊ शकलो असतो, म्हणून ते मॅडमसमोर, त्यांच्या पासवर्डनेच करायला हवं होतं. मी आईकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "मी चलान येतंय."

मी गाडी वळवली. काकी अजून तिथेच उभ्या होत्या, मी खरंच जातो की नाही ते बघत.